गाडी तापते, पण का तापते?



ऊस नोंदीसाठी किंवा बियाण्याच्या चौकशीसाठी गट कार्यालयात येणाऱ्या सभासदांच्या तोंडून एक तक्रार अलीकडे वारंवार ऐकू येते. "गाडी घाटात तापते हो. गॅस्केट बदललं, पंप बदलला, तरी तापतेच." गाडी बहुधा वडिलांच्या वेळची असते. कोणाची पद्मिनी, कोणाची अँबॅसडर, कोणाची मारुती ८००. विकायला मन होत नाही, आणि पुण्याला मुलांकडे जायला, मार्केट यार्डात जायला तिचाच आधार असतो. अशा गाडीवर झालेला खर्च ऐकला, की आपल्याकडची जुनी म्हण आठवते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुखणे एकीकडे, उपचार दुसरीकडे. म्हणून या अंकात गाडी तापण्याची कारणे ओळीने कशी शोधावीत, याची माहिती द्यायचे आम्ही ठरविले.

माहिती पुस्तकी राहू नये म्हणून आम्ही पुण्यात बिबवेवाडीला जाऊन आलो. साताऱ्याकडून कात्रज उतरून स्वारगेटकडे निघाले, की उजव्या हाताला ही वस्ती लागते. एके काळचे हे गाव आता शहरात पुरते मिसळून गेले आहे. एका अंगाला मार्केट यार्ड, दुसऱ्या अंगाला टेकडी. वर अप्पर इंदिरानगरच्या बाजूला १९८३ साली सुरू झालेले विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. ऊसपट्ट्यातील पुष्कळ मुले या भागात खोली घेऊन शिकतात. त्यामुळे शनिवार-रविवारी आपल्या बाजूच्या गाड्या येथे दिसतात. आणि जुनी गाडी तापायची असेल तर हीच जागा! घाट चढून इंजिन आधीच गरम झालेले, पुढे सिग्नलला रांग, आणि शेवटी अप्परचा चढ. येथील जुन्या गाड्यांच्या एका मिस्त्रींकडे आम्ही दोन दिवस बसलो. त्यांनी जे दाखविले ते पुढे येईलच. आधी मूळ गोष्ट समजून घेऊ.

उष्णता जाते कोठे?

आपण टाकीत पेट्रोल भरतो, त्यातील उष्णतेचा जेमतेम पाव हिस्सा जुन्या इंजिनात कामाला येतो. साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो, आणि जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्याला उचलून बाहेर टाकावी लागते. विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन ज्यांनी चालविले आहे त्यांना हे सांगायला नको. त्या इंजिनाला पंपाच्या पाण्याची धार जोडलेली असायची. गार पाणी एकीकडून आत, गरम पाणी दुसरीकडून पाटात. गाडीला मात्र विहीर बरोबर नेता येत नाही. तेच सहा-सात लिटर पाणी पुन्हा पुन्हा फिरवावे लागते. वॉटर पंप ते ढकलतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते पसरते, पंख्याचा वारा त्याची उष्णता घेऊन जातो, आणि पाणी पुन्हा इंजिनात येते. आपल्या कारखान्याच्या स्प्रे पाँडमध्ये कंडेन्सरचे गरम पाणी कारंज्याने उडवून गार करतात आणि परत वापरतात. काम तेच, फक्त गाडीत ते बंद नळ्यांत चालते.

दुसरी गोष्ट. इंजिन गार राहावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. पाणी ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना इंजिन सर्वांत चांगले चालते. यासाठी पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक लहान झडप असते. तिच्यात मेण भरलेले असते. इंजिन गार असताना ती बंद राहते. पाणी ठराविक अंशांवर, बऱ्याच गाड्यांत ८२ च्या आसपास गेले, की मेण फुगते आणि झडप उघडते. तो आकडा झडपेवरच कोरलेला असतो.

काहिली, पॅन आणि रेडिएटरचे झाकण

गाडीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचे झाकण. ते नुसते झाकण नाही, आत स्प्रिंगची झडप असते. तिचे काम समजायला ऊस उत्पादकाइतका चांगला विद्यार्थी नाही.

गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळू लागतो तेव्हा तो पाण्याएवढाच गरम असतो. पाक दाट होत जातो तसा त्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो, आणि गूळ उतरविताना काहिलीत ११६ ते ११८ अंश भरतात. साखरेच्या पॅनमध्ये याच्या उलट चालते. तेथे पंपाने हवा काढून दाब कमी केलेला असतो, म्हणून पाक ६०-७० अंशांतच उकळतो आणि साखर करपत नाही. म्हणजे द्रव किती अंशांवर उकळणार हे दोन गोष्टींवर ठरते. त्यात काय विरघळले आहे आणि वर दाब किती आहे.

गाडीत या दोन्ही गोष्टींचा उपयोग करतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणून तेथे उघड्या भांड्यातील साधे पाणी सुमारे ९८ अंशांवरच उकळते. घाटमाथ्यावर त्याहून थोडे आधी. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते. जुन्या गाड्यांत ७ पौंडांच्या आसपासची झाकणे असत. तेवढ्या दाबाने पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. मागाहूनच्या गाड्यांत १३ पौंडांच्या आसपासची आली, त्यांत ही मर्यादा सुमारे ११८ अंशांपर्यंत जाते. कूलंटमधील ग्लायकॉल हे काहिलीतील साखरेचे काम करते. निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट असेल तर उत्कलनबिंदू आणखी सहा-सात अंशांनी वाढतो.

आता झाकणाचे रबर कडक होऊन चिरले तर काय होईल? दाब टिकणार नाही. इंजिनात काहीही बिघाड नसताना पाणी ९८ अंशांना उकळेल, वाफ निघून जाईल, पाणी कमी होईल, आणि मग इंजिन खरोखरच तापेल. म्हणून पहिली नजर झाकणावर. मात्र जास्त दाबाचे झाकण लावल्याने गाडी गार राहत नाही. जुन्या रेडिएटरचे सांधे त्याने उकलतात. मूळ जेवढ्या पौंडांचे होते तेवढ्याचेच घ्यावे.

बिबवेवाडीत पाहिलेली गाडी

आम्ही तेथे असताना आपल्याच भागातील एका सभासदांची १९८६ सालची पद्मिनी आली. या गाडीचे आणि साखरेचे जुने नाते आहे. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन करणारे शेठ वालचंद हिराचंद हेच इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या साखर कारखान्याचे संस्थापक. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० वरून ही मोटार तयार होत असे. मुंबईच्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ अखेर निघाली. खेड्यापाड्यांतून मात्र अजून काही चालू आहेत.

तक्रार अशी, की सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालते, घाटात काटा चढतो, आणि बिबवेवाडीच्या सिग्नलला येईतो तांबड्यात जातो. प्रत्येक फेरीला लिटरभर पाणी कमी. एका ठिकाणी हेड गॅस्केट बदलून झाले होते. दुसऱ्या ठिकाणी "हा पार्ट आपल्याकडच्या हवेला लागत नाही" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला होता. फरक काही नाही.

मिस्त्रींनी गाडी त्या दिवशी हातात घेतलीच नाही. म्हणाले, "रातभर ठेवा. गार झाल्याशिवाय मी बघत नसतो." सकाळी इंजिन पूर्ण गार असताना त्यांनी झाकण काढले. पाणी विटकरी रंगाचे. झाकणाचे रबर नखाने दाबले तर भेग पडलेली. पंख्याचा पट्टा आतून गुळगुळीत आणि चकचकीत झालेला. बोटाने दाबला तर नको तेवढा आत जाणारा. असा पट्टा घसरतो, आणि या गाडीत पंखा व वॉटर पंप दोन्ही त्याच एका पट्ट्यावर असल्यामुळे वारा आणि पाणी एकदमच कमी पडते.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. गाडी चालू करून गरम होऊ दिली, बंद केली, आणि रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरविला. या रेडिएटरच्या नळ्या उभ्या असतात. वर गरम आणि खाली जरा कमी गरम असे सगळीकडे सारखे लागले पाहिजे. येथे मध्ये मध्ये उभे थंड पट्टे लागत होते. आम्हांलाही हात लावून पाहायला सांगितले. "इंजिनाचं काही नाही हो. पाणीच वाहत नाही," मिस्त्री म्हणाले. म्हणजे त्या जागच्या नळ्या बंद होत्या.

गाडी गार झाल्यावर रेडिएटर उतरवून वरून पाणी ओतले, तर खालून धार पडायच्या ऐवजी पाणी वरच तुंबले. वरची टाकी उकलल्यावर नळ्यांच्या तोंडाशी पांढरट-तांबूस खपली दिसली. मालकांना विचारले, पाणी कोणते घालता? उत्तर सरळ होते. घरच्या बोअरचे.

नळ्यांत सळ्या घालून, म्हणजे गॅरेजच्या भाषेत रॉडिंग करून, रेडिएटर साफ केला. इंजिनाचा ब्लॉक उलट्या दिशेने पाणी सोडून धुतला. पट्टा आणि झाकण नवे, थर्मोस्टॅट नवा बसविला. मग कात्रजहून भिलारेवाडीच्या अंगाने जुन्या बोगद्यापर्यंत चढून, परत येऊन, गाडी दहा मिनिटे जागेवर चालू ठेवली. काटा मध्यावर राहिला. गॅस्केटवर आधी झालेल्या खर्चाच्या मानाने हे बिल थोडके होते. तरी आधीचा खर्च गेला तो गेलाच.

केव्हा तापते, हा पहिला प्रश्न

त्या दोन दिवसांत मिस्त्रींकडे जी गाडी येई, तिच्या मालकाला ते पहिला प्रश्न हाच विचारत. आपणही गॅरेजात जाण्यापूर्वी याचे उत्तर तयार ठेवावे.

उभी असताना किंवा गर्दीत तापते, आणि जरा वेगाने चालविली की काटा उतरतो, तर संशय वाऱ्यावर घ्यावा. पट्टा ढिला आहे, किंवा मारुती ८०० सारख्या गाडीत विजेचा पंखा सुरूच होत नाही. तेथे पंख्याची मोटर, फ्यूज आणि रेडिएटरजवळचा उष्णतेचा स्विच तपासावा. विजेचा पंखा किल्ली बंद केल्यावरही अचानक फिरू शकतो, तेव्हा बॅटरीची वायर सोडल्याशिवाय तेथे हात घालू नये.

वेगात किंवा चढावर तापते, आणि गर्दीत ठीक असते, तर संशय पाण्याच्या वाहण्यावर घ्यावा. रेडिएटर आतून तुंबला आहे, वॉटर पंपाची पाती झिजली आहेत, किंवा खालचा होज पाइप मऊ पडून शोषणाने चपटा होतो आहे. हा शेवटचा दोष फसवा असतो. गाडी उभी असताना पाइप टुमटुमीत दिसतो, आणि इंजिन जोरात फिरले की आत ओढला जातो. चांगल्या पाइपात यासाठी स्प्रिंग घातलेली असते.

चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते, तर बहुधा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा पाणीच कमी आहे. थर्मोस्टॅट तपासणे घरी जमते. पातेल्यात पाणी तापवून तो दोऱ्याने त्यात लोंबता धरावा, शेजारी थर्मामीटर ठेवावा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडू लागला तर चांगला. न उघडल्यास नवा घ्यावा, पण काढून टाकून गाडी चालवू नये. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन हिवाळ्यात गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पिते, ऑइलमध्ये गाळ धरतो. आणि काही इंजिनांत तर त्याच्यावाचून पाणी रेडिएटरला न जाता जवळच्या वाटेने परत फिरते. मग गाडी गार होण्याऐवजी जास्तच तापते.

पाणी कमी होते, पण जमिनीवर ठिपका दिसत नाही, तर पंपाच्या खालचे छिद्र, होजच्या क्लिपा आणि हीटर असलेल्या गाडीत पायाकडचा गालिचा पाहावा. तेथेही काही नसेल तर मग गॅस्केटचा विचार करावा.

पाण्याशी संबंध नसलेली कारणेही आहेत. इग्निशनचे टायमिंग मागे पडले असेल तर इंजिन तापते. ब्रेक धरून राहत असेल तर इंजिनावर फुकटचा भार पडतो. थोडे चालवून उतरल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा गरम लागले तर समजावे. ऑइल कमी असणे हेही कारण आहे. पुढे हौसेने लावलेली मोठी पाटी आणि जादा दिवे रेडिएटरचा वारा अडवितात.

एक कारण खास आपल्या भागातले. हंगामात गाडीतळाजवळ आणि कारखाना रस्त्याने बगॅसचा भुसा, पाचटाची कुसळे आणि धूळ उडत असते. ती रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसते. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, मागच्या बाजूने उजेड धरला तर आरपार दिसत नाही. इंजिन गार असताना आतल्या बाजूने बाहेर असे हलक्या धारेने पाणी मारावे. सर्व्हिसिंगची जोराची धार मारल्यास पत्रे वाकतात आणि वारा कायमचा अडतो. ट्रॅक्टरवाल्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

गॅस्केट गेले, हे कसे ओळखावे?

गॅस्केटचे नाव घाईने घेतले जाते, पण त्याची लक्षणे ठरलेली आहेत. इंजिन गार असताना झाकण काढून गाडी चालू केली आणि रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले. गाडी चालू करून दोन मिनिटे होत नाहीत तोच वरचा होज दगडासारखा घट्ट झाला. ऑइलची काडी काढली तर ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखे. सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ, तीही ऊन वर आल्यानंतर. यांतील एखादे लक्षण पक्के दिसले तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. एकही दिसत नसेल तर हेड उघडू देऊ नये.

आणि हेड उघडलेच तर नुसते गॅस्केट बदलून भागत नाही. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन एकदा फार तापले की हेड वाकते. त्यावर सरळ पट्टी ठेवून फट मोजून पाहावी, आणि वाकले असेल तर लेथवाल्याकडून फेसिंग करून घ्यावे. वाकड्या हेडवर नवे गॅस्केट बसविले तर ते थोड्याच महिन्यांत पुन्हा जाते. बोल्टही ठरलेल्या क्रमाने, मधून बाहेर, मोजून कसावे लागतात. हे काम करणाऱ्याजवळ टॉर्क रेंच आहे की नाही, एवढे मालकाने विचारायला हरकत नाही.

पाणी कोणते घालावे?

आपल्या कारखान्यात ठराविक दिवसांनी क्वाडच्या नळ्या साफ केल्या जातात, हे सभासदांना माहीत आहे. रसातील क्षार नळ्यांना आतून चिकटतात आणि खपली धरते. वाफेची उष्णता रसाला पोचत नाही. बॉयलरचे पाणी मऊ करून घेण्याचे कारणही तेच. बोअरचे आणि विहिरीचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. ज्या पाण्याने भांड्याला पांढरे डाग पडतात, तेच पाणी रेडिएटरमध्ये दर आठवड्याला थोडे थोडे घातले, की वर्षानुवर्षांचा क्षार आत साठतो. पाणी वाफ होऊन जाते, क्षार जात नाही. शेतात क्षारयुक्त पाण्याने जमीन खराब होते ती आपल्याला दिसते. रेडिएटरच्या आतले दिसत नाही, एवढाच फरक.

म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि चांगल्या कंपनीचे कूलंट निम्मे-निम्मे घालावे, किंवा तयार मिसळलेले घ्यावे. कूलंटचा उपयोग उत्कलनबिंदू वाढविण्यापुरता नाही. त्यातील औषधांमुळे गंज धरत नाही आणि पंपाचे सील टिकते. बाटलीवर जी मुदत लिहिली असेल त्या मुदतीला ते बदलावे. दोन वेगळ्या प्रकारची कूलंटे एकत्र करू नयेत, त्यांचा चिखल होऊ शकतो. जुन्या, खपली धरलेल्या रेडिएटरमध्ये एकदम कूलंट घालू नये. आधी तो धुवून घ्यावा. खपली सुटली की झाकलेली भोके उघडी पडतात, आणि दोष कूलंटला लागतो. नवे पाणी भरताना हळूहळू भरावे, झाकण उघडे ठेवून इंजिन थोडा वेळ चालवावे, म्हणजे आतली हवा निघून जाते. हवेचा फुगा अडकला तर भरलेली गाडीसुद्धा तापते.

येथे एक धोक्याची सूचना. बहुतेक कूलंटमध्ये असणारे एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असते. काढलेले जुने कूलंट उघड्या टोपलीत गोठ्याजवळ ठेवले आणि जनावराने किंवा कुत्र्याने तोंड घातले, तर ते दगावू शकते. लहान मुलांनाही तेवढाच धोका. जुने कूलंट बंद डब्यात भरून गॅरेजात परत द्यावे. गटारात, पाटात, विहिरीजवळ ओतू नये.

वाटेत तापली तर

काटा तांबड्याकडे निघाला की आधी गाडीवरचा भार कमी करावा. एसी बंद करावा. ज्या गाडीत हीटर आहे त्यात तो पूर्ण चालू करावा. घामाघूम व्हाल, पण तोही एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची उष्णता काढून घेतो. तरीही काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद करावे. "आलंच की आता घर, नेतो तशीच" या विचाराने केलेले शेवटचे दोन किलोमीटर सर्वांत महाग पडतात. हेड वाकते ते त्या दोन किलोमीटरांत.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. हे आम्ही ठळक अक्षरांत छापायला हवे होते, इतके ते महत्त्वाचे आहे. आतले पाणी शंभराच्या वर असते आणि केवळ दाबामुळे पाणी राहिलेले असते. झाकण सुटताक्षणी दाब जातो, त्याची एकदम वाफ होते, आणि उकळते पाणी तोंडावर व छातीवर येते. फडके धरून उघडले तरी हात वाचेल, तोंड वाचेलच असे नाही. वरचा होज पाइप हातात धरवतो इतका गार झाल्यावरच झाकणाला हात लावावा. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी जास्त. तेवढा वेळ सावलीत बसावे.

गार होण्याआधी थंड पाणी ओतणे हाही मोठा धोका. तापलेल्या तव्यावर पाणी मारल्यासारखे होऊन हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो. इंजिन निवल्यावर थोडे थोडे पाणी घालावे. अडचणीच्या वेळी मिळेल ते पाणी चालेल, पण घरी गेल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरावे. ही दुसरी पायरी बहुतेकजण विसरतात. बोअरचे पाणी गाडीत कायमचे राहते ते असेच.

दर आठवड्याची पाच मिनिटे

कारखान्याची मरामत आपण गाळप बंद असताना करतो. हंगामात मिल बंद पडू नये म्हणून ही तजवीज असते. गाडीचेही तसेच करावे. पावसाळा संपला की, ऊसतोडीची गडबड सुरू होण्यापूर्वी, पट्टा, झाकण, चारही होज आणि क्लिपा बघून घ्याव्यात. रेडिएटरची जाळी धुवावी. उन्हाळ्याच्या तोंडी हेच पुन्हा करावे. दर आठवड्याला सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, पाण्याची पातळी आणि ऑइलची काडी पाहावी. पाणी किती घातले आणि कोणत्या तारखेला, हे उसाच्या पावत्या ठेवतो त्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावे. महिन्याला पावशेर लागणारे पाणी आठवड्याला लिटरभर लागू लागले, तर गाडी तापण्याच्या आधीच ती वही सांगेल.

गॅरेजात गेल्यावर "गॅस्केट बदला" किंवा "पंप बदला" असे आपण सांगू नये. गाडी केव्हा तापते, किती वेळाने तापते, पाणी किती कमी होते, आणि आजवर काय काय बदलले आहे, एवढे सांगावे. आधी झाकण, पट्टा, पाणी आणि जाळी पाहिली का, हे विचारावे. मग होज आणि थर्मोस्टॅट, त्यानंतर रेडिएटर आणि पंप, आणि लक्षणे पक्की दिसल्यावरच हेड. जो मिस्त्री या क्रमाने जातो, त्याच्याकडे थोडा वेळ जास्त लागला तरी गाडी त्याच्याच हवाली करावी. काढलेला जुना भाग मात्र मागून घ्यावा आणि तो का बदलला हे समजून घ्यावे.